किती नंबरचा बावटा?

6 डिसेंबर 2024, शुक्रवार. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. मी कार्डिफमध्ये, विद्यापीठातल्या खोलीत लॅपटॉप आवरत होते. आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती आणि घरी एकटी होती. अचानक माझा फोन कर्कश किंचाळायला लागला. शेजारच्या खोलीतला, जिन्यावरचा, सगळ्यांचेच फोन एकदम. ‘डॅराह’ नावाचं वादळ येत होतं आणि वेल्स व नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या सुमारे 30 लाख लोकांना सरकारने एकाच वेळी धोक्याचा इशारा पाठवला होता.

घरी पोचले तर आईचा फोन बंद. विचारलं तर म्हणाली, “अगं, तो ओरडायला लागला. वर इंग्रजीत एवढं मोठं काहीतरी आलं. म्हटलं फ्रॉडवाले असतील. काही न दाबता सरळ बंद करून टाकला.”

आता सांगा, तिचं काय चुकलं? गेली काही वर्षं आपणच आपल्या आईवडिलांना फोनवरून बजावतोय ना, की अनोळखी मेसेज आला तर काही दाबू नका म्हणून? तिने तेच केलं. सकाळी सात वाजता बागेत फिरायला जायचा तिचा नेम होता. लाल इशारा पहाटे तीन ते सकाळी अकरापर्यंतचा होता. मी उशिरा घरी आले असते आणि तशीच झोपले असते, तर ती गेलीच असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंगुर्ल्याच्या मावशीचा व्हिडिओ कॉल आला. खिडक्यांचा खडखडाट तिला तिकडे ऐकू जात होता. तिने पहिला प्रश्न विचारला, “किती नंबराचो बावटो लागलो गो थंय?”

मी म्हटलं, “मावशी, इकडे नंबर नसतो. लाल आहे.”

“लाल म्हंजे किती नंबर?”

मला उत्तर देता आलं नाही. या लेखाची सुरुवात तिथे झाली. कारण मावशीचा बावटा आणि माझ्या फोनवरचा लाल इशारा, दोघांचं मूळ एकच आहे. आणि ते मूळ मी राहते त्या वेल्सच्याच किनाऱ्यावर, एका बुडालेल्या जहाजापाशी सापडतं.

‘अंदाज’ या शब्दाचा जन्म

ऑक्टोबर 1859. ‘रॉयल चार्टर’ नावाचं जहाज मेलबर्नहून लिव्हरपूलला चाललं होतं. त्यावर ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींवर कमाई करून परतणारे लोक होते. अगदी घराच्या उंबऱ्यापाशी, 26 तारखेच्या पहाटे, अँगलसी बेटाच्या खडकांवर वादळाने ते जहाज फोडलं. सुमारे साडेचारशे माणसं गेली. त्याच वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर शंभराहून जास्त जहाजं बुडाली.

तेव्हा लंडनमध्ये हवामानाचं एक छोटंसं सरकारी खातं होतं. 1854 मध्ये स्थापन झालेलं. त्याचे प्रमुख होते रॉबर्ट फिट्झरॉय. नाव ओळखीचं वाटतंय? चार्ल्स डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून जगभर फिरला, त्याचे हे कप्तान. त्यांच्या खात्याचं काम होतं आकडे गोळा करणं: कुठल्या समुद्रात कुठल्या महिन्यात वारा कसा असतो, याचे तक्ते करणं. उद्या काय होईल हे सांगणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

पण फिट्झरॉय स्वतः समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस. त्यांचं म्हणणं साधं होतं. वादळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातं. तारयंत्राचा निरोप वादळापेक्षा वेगाने जातो. मग पुढच्या बंदराला आधी कळवायचं का नाही?

त्यांनी किनाऱ्यावरच्या ठाण्यांतून तारेने रोज नोंदी मागवायला सुरुवात केली. फेब्रुवारी 1861 मध्ये पहिला वादळाचा इशारा गेला. त्याच वर्षी 1 ऑगस्टला ‘टाइम्स’ वर्तमानपत्रात सर्वसामान्यांसाठी पहिला हवामान अंदाज छापून आला. इंग्रजीत ‘फोरकास्ट’ हा शब्द हवामानासाठी रुळवला तो फिट्झरॉय यांनीच, आणि मुद्दाम. त्यांना ‘भविष्यवाणी’ किंवा ‘भाकीत’ असे शब्द नको होते. ज्योतिषी भविष्य सांगतो. आपण नोंदी जुळवून, हिशेब करून एक मत देतो, असं त्यांना म्हणायचं होतं. आपण मराठीत ‘हवामान अंदाज’ म्हणतो तेव्हा नकळत फिट्झरॉय यांचीच बाजू घेतो.

आता त्यांनी इशारा पोचवला कसा, ते बघा. तार बंदरात आली की तिथल्या डोलकाठीवर कापडाचा मोठा काळा शंकू चढवायचा. टोक वर असेल तर वादळी वारा उत्तरेकडून, टोक खाली असेल तर दक्षिणेकडून. ढोलाच्या आकाराचं नळकांडं चढवलं तर एकामागून एक, वेगवेगळ्या दिशांनी वारे येणार. रात्री त्याच आकारात टांगलेले कंदील. ज्याला अक्षरओळख नाही अशा मच्छीमारालाही दुरून, होडीत बसल्या बसल्या समजेल अशी ही भाषा होती.

तीन चतुर्थांश बरोबर, तरी बंद

अंदाज चुकायचेही. वर्तमानपत्रांतून चेष्टा व्हायची. शास्त्रज्ञांचा आक्षेप वेगळा होता: नियम कुठले, सिद्धांत कुठला, हे सगळं अनुभवावर आणि अटकळीवर चाललंय. फिट्झरॉय आधीच खचत चालले होते, पैशांचीही ओढ होती. 30 एप्रिल 1865 रोजी त्यांनी आत्महत्या केली.

त्यानंतर फ्रान्सिस गॉल्टन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. 1866 च्या तिच्या अहवालाने रोजच्या अंदाजांना शास्त्रीय पाया नाही असा निर्वाळा दिला. गंमत म्हणजे वादळाचे इशारे बऱ्याच वेळा, साधारण चारातले तीन, खरे ठरले होते हे समितीलाही दिसलं होतं. तरी डिसेंबर 1866 मध्ये इशारेही थांबले.

मग बंदरांतून ओरड सुरू झाली. खलाशांना सिद्धांताशी घेणंदेणं नव्हतं. चार वेळा शंकू चढला आणि तीन वेळा वादळ आलं, तर तो शंकू त्यांना हवाच होता. वर्षभराच्या आसपास वादळाचे इशारे परत सुरू झाले. वर्तमानपत्रांतले रोजचे अंदाज परतायला मात्र 1879 उजाडलं.

मला या भांडणात दोन्ही बाजू कळतात. मी स्वतः संशोधनात आहे. पुरेसा पुरावा नसताना बोलू नये हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं असतं. पण ‘शंभर टक्के खात्री झाल्यावर सांगतो’ म्हणणाऱ्याचा इशारा नेहमी वादळानंतर पोचतो. हवामानाच्या इशाऱ्यांचा पुढचा सगळा इतिहास याच दोन गोष्टींच्या ओढाताणीचा आहे.

शंकू कोकणात येतो

5 ऑक्टोबर 1864 रोजी कलकत्त्याला चक्रीवादळाचा तडाखा बसला. हुगळी नदीतून समुद्राचं पाणी आत घुसलं आणि सुमारे 60 हजार माणसं मेल्याची नोंद झाली. पुढच्याच वर्षी कलकत्ता बंदरासाठी वादळ-इशाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. भारतीय हवामान खातं स्थापन झालं ते 1875 मध्ये, हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली. म्हणजे आपल्याकडे इशारा आधी आला आणि खातं नंतर! 1880 मध्ये ही व्यवस्था पश्चिम किनाऱ्यावर आली: मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ला, कारवार, कुमठा. यादीत वेंगुर्ला दिसलं तेव्हा मला मावशीला तिथल्या तिथे फोन लावावासा वाटला.

1898 मध्ये सगळ्या बंदरांसाठी एकसारखी खुणांची पद्धत ठरली. दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. कोकणी माणसाने त्या सगळ्याला एकच सुटसुटीत नाव दिलं, ‘बावटा’. आजही पावसाळ्यात मराठी वर्तमानपत्रांत ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा’ अशी बातमी येते. जुन्या मुंबईकरांना विचारा, तीन नंबर म्हणजे होडी काढायची नाही, हे त्यांना पाठ असतं.

पण या बावट्याच्या नंबरांत एक गफलत आहे. 1 आणि 2 नंबर सांगतात की वादळ दूर समुद्रात आहे, बंदर सोडून निघणाऱ्या जहाजांनी जपावं. 3 आणि 4 म्हणजे खुद्द बंदराला वादळी हवामानाचा धोका. 5, 6, 7 म्हणजे ‘धोका’ आणि 8, 9, 10 म्हणजे ‘मोठा धोका’. इथपर्यंत ठीक. पण 5 आणि 6 मध्ये फरक काय? तीव्रतेचा नाही, दिशेचा. वादळ बंदराच्या एका बाजूने जाणार की दुसऱ्या बाजूने, की थेट अंगावर येणार, एवढंच ते तीन आकडे वेगवेगळं सांगतात. 8, 9, 10 चंही तसंच. आणि 11 नंबर म्हणजे हवामान कचेरीशी संपर्कच तुटलाय.

जहाजाच्या कप्तानाला ही माहिती सोन्यासारखी. वारा कुठून कुठे फिरणार यावर तो नांगर कसा टाकायचा ते ठरवतो. पण किनाऱ्यावर झोपडी असलेल्या माणसाला? त्याला वाटणार, ‘आठच नंबर ना, दहाचा लागला की बघू.’ फिट्झरॉय यांचा शंकू न वाचताही समजत होता. पुढे त्याचाच असा कोड झाला, जो शिकलेल्यालाही पुस्तक उघडल्याशिवाय कळत नाही. इशारा जहाजांसाठी लिहिला होता. माणसं मात्र किनाऱ्यावर राहत होती.

माहिती होतं, तरीही

ही गफलत किती महाग पडू शकते ते बंगालच्या उपसागराने दाखवलं. 12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, भोला चक्रीवादळ आलं. तीन ते पाच लाख माणसं गेली. रेडिओवरून इशारे गेले होते. नंतर झालेल्या पाहणीत दिसलं की वादळ येतंय हे नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना माहीत होतं. मजबूत इमारतीत आसरा घेतला होता जेमतेम एक टक्क्याने.

हे दोन आकडे मी वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि मुलांना विचारते, यात अंदाज चुकला का? शांतता पसरते. निरोप पोचला होता. पण पाणी किती उंच येणार, कुठे जायचं, कधी निघायचं, गुरांचं काय करायचं, हे त्या निरोपात नव्हतं. आणि जायला पक्क्या इमारती तरी कुठे होत्या?

बांगलादेशाने यावर उपाय शोधला तो माणसांतून. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकार आणि रेड क्रॉस यांनी मिळून चक्रीवादळ-पूर्वतयारीची योजना सुरू केली. गावोगावचे स्वयंसेवक, हातात कर्णा, हाताने फिरवायचा भोंगा, आणि झेंडे. शेजारच्या घरातला ओळखीचा माणूस दारात येऊन त्याच गावच्या बोलीत सांगतो, ‘चला, निघा.’ बदल एका रात्रीत झाला नाही. 1991 च्या चक्रीवादळात पुन्हा सव्वा लाखाच्या वर माणसं गेली. त्यानंतर निवारे वाढले, स्वयंसेवक वाढले. 2007 च्या ‘सिडर’मध्ये मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास होता. तोही मोठाच, पण 1970 शी ताडून बघा.

श्रीमंत देशांचे धडे

हे फक्त गरीब देशांत होतं असं समजू नका. 15 ऑक्टोबर 1987 ला दुपारी बीबीसीवर मायकेल फिश यांनी हसत सांगितलं होतं की हरिकेन येतंय म्हणून एका बाईंचा फोन आला, पण काळजी नको. त्या रात्री दक्षिण इंग्लंडमध्ये आलेल्या वादळात 18 माणसं गेली आणि दीड कोटी झाडं उन्मळली. ते ज्या हरिकेनबद्दल बोलत होते ते अटलांटिकच्या पलीकडचं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. असेलही. लोकांच्या लक्षात मात्र ‘काळजी नको’ एवढंच राहिलं. त्यानंतर, 1988 मध्ये, ब्रिटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर तीव्र हवामानाचे इशारे देणारी सेवा सुरू झाली.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 1938 पर्यंत सरकारी अंदाजांत ‘टोर्नेडो’ हा शब्दच वापरायचा नाही असा दंडक होता. कारण? लोक घाबरतील. आणि सगळी सोय झाल्यावरही काय होतं ते मिझुरी राज्यातल्या जॉप्लिन गावाने दाखवलं. 22 मे 2011 रोजी तिथे टोर्नेडोने दीडशेहून जास्त बळी घेतले. इशारा वेळेत दिला होता, भोंगे वाजले होते. चौकशीत कळलं की पहिल्या भोंग्यावर बहुतेक लोक हललेच नाहीत. कोणी खिडकीतून आभाळ बघितलं, कोणी टीव्ही लावला, कोणी शेजाऱ्याला विचारलं. भोंगे इतक्या वेळा वाजून गेले होते की एका भोंग्यावर कोणी विश्वास टाकत नव्हतं.

इथून इशाऱ्यांची भाषा बदलायला लागली. 2011 पासून ब्रिटनचा पिवळा, अंबर किंवा लाल रंग फक्त वाऱ्याच्या वेगावर ठरत नाही. दोन गोष्टींची सांगड घातली जाते: हे घडण्याची शक्यता किती, आणि घडलं तर परिणाम काय. त्यामुळे एखादा पिवळा इशारा ‘घडण्याची शक्यता कमी, पण घडलंच तर मोठं’ असाही असू शकतो. पुढच्या वेळी नुसता रंग बघून फोन खिशात टाकू नका, खालच्या दोन ओळी वाचा. अमेरिकेतही 2012 मध्ये कॅन्सस आणि मिझुरीपासून प्रयोग सुरू झाला, की इशाऱ्यात वाऱ्याच्या आकड्याबरोबर ‘घरांची छपरं उडतील’ असंही साध्या शब्दांत लिहायचं. 2015 पासून ब्रिटन आणि आयर्लंड वादळांना नावं देतात तेही याचसाठी. कमी दाबाच्या पट्ट्याबद्दल जेवताना कोणी बोलत नाही, डॅराहबद्दल बोलतात.

फिट्झरॉय यांच्या काळात प्रश्न होता, ‘वादळ येणार का?’ आता तो झालाय, ‘वादळ तुमचं काय करणार?’

निरोप कोणाच्या भाषेत?

पण आईच्या बंद फोनचं उत्तर मला यात कुठेच मिळेना. कारण त्या इशाऱ्यात परिणाम लिहिले होते, काय करायचं तेही लिहिलं होतं, आणि तो अचूक वेळी तिच्या हातात पोचला होता. फक्त तो तिच्याशी बोलत नव्हता.

22 मे 1987 रोजी टेक्सासमधल्या सारागोसा या छोट्या गावात टोर्नेडोने 30 माणसं मारली. गाव बहुतेक सगळं स्पॅनिश बोलणारं होतं, आणि इशारा त्यांच्या भाषेत नीट पोचलाच नव्हता. भाषांतर ही शेवटी चिकटवायची पट्टी समजली की काय होतं, याचा एक हलकाफुलका नमुनाही माझ्याजवळ आहे. एप्रिल 2023 मध्ये ब्रिटनने या फोन-इशाऱ्याची पहिली देशभर चाचणी घेतली. वेल्श मजकुरात ‘सुरक्षित’ या अर्थाच्या शब्दाऐवजी ‘व्होगेल’ असं छापून गेलं, म्हणजे स्लोव्हेनियातल्या एका बर्फाळ डोंगराचं नाव! वेल्श तर इथली अधिकृत भाषा. मग मराठीची काय कथा.

मायदेशीही हा प्रश्न सुटलेला नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला फक्त 74. एकाच शहरात ही तफावत असेल तर ‘मुंबईत मुसळधार’ या दोन शब्दांनी कोणाचं भागणार? तेव्हापासून रडार आली, जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, रंगांचे इशारे आले, प्रादेशिक भाषांत फोनवर संदेश यायला लागले. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा हजारो लोकांना आधीच हलवलेलं होतं. तरी मराठी बातम्यांत ‘ऑरेंज अलर्ट’च म्हणतात. त्या रंगाचा अर्थ ‘तयारीत राहा’ आणि लालचा ‘कृती करा’ असा आहे, हे किती घरांत माहीत असेल?

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्याकडे आईबाबा, आजीआजोबा, सासूसासरे राहायला येणार असतील तर पहिल्याच आठवड्यात त्यांना इशाऱ्याचा तो आवाज यूट्यूबवर ऐकवा. हा फ्रॉड नाही, हे त्या आवाजासकट सांगा. फोनमध्ये इशारे चालू आहेत ना ते बघा. एका कागदावर मराठीत लिहून फ्रिजवर लावा: आवाज आला की आधी आत राहा, मला फोन करा, मी उचलला नाही तर शेजारच्या अमुकला विचारा. बांगलादेशातला स्वयंसेवक दारात येऊन जे करतो, ते आपल्या घरापुरतं आपल्यालाच करायचंय. आपण दोन्ही भाषांच्या मध्ये उभे आहोत. तार आपल्यापर्यंत येते, शंकू आपल्याला चढवायचा असतो.

आमच्या फ्रिजवर आता असा कागद आहे. आईने स्वतःच्या अक्षरात लिहिलाय. पिवळ्यापुढे तिने ‘तीन नंबर’ लिहिलंय, अंबरपुढे ‘आठ’, आणि लालपुढे ‘दहा’. मी म्हटलं, “आई, हे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. आठ आणि दहात फक्त दिशेचा फरक असतो.”

ती म्हणाली, “मला कळलं ना? मग झालं तर.”

मी कागद तसाच राहू दिलाय.